स्क्रीन काळी, नोंदी शाबूत

अब्बांचा कॉम्प्युटर माडीवर होता म्हणून वाचला. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा आमच्या तळमजल्यावरचे काहीही हाती लागले नाही. तांदळाची पिंपे, शिलाई मशीन, मुलांची पुस्तके, सगळे चिखलात गेले. जमातीच्या दफ्तराचे कपाटही त्याच पाण्यात उभे होते. पाणी ओसरल्यावर ते उघडले, तर निकाह, जन्म आणि इंतकालाच्या नोंदवह्यांचा नुसता लगदा झाला होता. शाई पानांतून वाहून गेली होती.

अब्बा म्हणजे माझे सासरे. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी अनेक वर्षे जमातीचे दफ्तर सांभाळले. २००८ साली माझे पती कुवेतला गेले आणि पहिल्या वर्षीच्या कमाईतून त्यांनी घरात कॉम्प्युटर आणला. तो मुलांसाठी होता, पण जास्त वापरला अब्बांनी. साठी उलटलेला माणूस एका बोटाने अक्षरे शोधत शोधत टंकलेखन शिकला आणि रोज असरनंतर मगरिबपर्यंत जुन्या वह्यांतली एकेक नोंद कॉम्प्युटरवर चढवू लागला. लोक हसत. "वह्या आहेत ना कपाटात, मग ही दुहेरी मेहनत कशाला?" असे विचारत. अब्बा काही बोलत नसत.

२०२० मध्ये अब्बांचा इंतकाल झाला. कॉम्प्युटरवर चादर पडली, ती तशीच राहिली.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या खाला आमच्याकडे आल्या. त्यांचे पती काही महिन्यांपूर्वी गेले होते. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या अर्जाला निकाहचा पुरावा हवा होता. घरातला निकाहनामा पुरात गेला, जमातीची वही पुरात गेली. काझींच्या जुन्या दफ्तरात दुय्यम प्रत असण्याची शक्यता होती, पण नक्की तारीख आणि नोंदीचा क्रमांक कळल्याशिवाय ती शोधायची कुठे? खालांना एवढेच आठवत होते की लग्न आंब्याच्या दिवसांत झाले होते. वर्षाबद्दल त्यांची आणि त्यांच्या दिरांची आठवण जुळत नव्हती.

"अब्बांच्या मशीनमध्ये असेल का गं?" खालांनी विचारले.

मी चादर काढली, बटण दाबले. आतला पंखा फिरला, पुढचा दिवा लागला. मॉनिटरचा दिवा मात्र नारिंगीच राहिला. स्क्रीन काळीठिक्कर.

"मदरबोर्ड गेला, ताई"

दुसऱ्या दिवशी माझा अकरावीतला मुलगा सीपीयूचा डबा रिक्षात घालून बाजारात घेऊन गेला. दुकानदाराने तो लावून पाहिला, दोन मिनिटांत निदान सांगितले. मदरबोर्ड गेला, याचे भाग आता मिळत नाहीत, जुन्याचे पाचशे रुपये देतो, नवा घ्या. मी फोनवर विचारले, "आतल्या माहितीचे काय?" तो म्हणाला, "ताई, डिस्प्लेच नाही तर माहिती कशी बघणार?"

मी त्या दुकानदाराला दोष देत नाही. पंधरा वर्षांच्या मशीनवर अर्धा दिवस घालवणे त्याला परवडणारे नाही. पण त्याचे शेवटचे वाक्य चुकीचे होते. ज्या ज्या घरात जुना कॉम्प्युटर आहे, त्या प्रत्येकीने ही गोष्ट लक्षात ठेवावी, म्हणून हा लेख लिहिते आहे. स्क्रीन काळी पडली म्हणजे माहिती गेली, असे नाही. माहिती हार्ड डिस्कमध्ये असते. चित्र दाखवण्याचे काम मॉनिटर, केबल, ग्राफिक्सचा भाग आणि रॅम मिळून करतात. खिडकीची काच काळी झाली म्हणून घरातले सामान नाहीसे होत नाही. अगदी मदरबोर्ड खरोखर गेला तरी हार्ड डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते आणि फाइली उतरवून घेता येतात. म्हणून डिस्प्ले गेलेला कॉम्प्युटर हार्ड डिस्कसकट कुणालाही देऊ नका, आणि "फॉरमॅट मारून देतो" याला घाईने हो म्हणू नका.

मुलाला मी डबा परत आणायला सांगितले. कुवेतहून यांचा फोन आला, "फेकून दे, मी नवा पाठवतो." म्हटले, नवा पाठवाल, पण त्यात अब्बांची वही येणार आहे का? मग ते गप्प बसले.

आधी रोगी कोण ते ठरवा

दुखते एकाचे आणि औषध दुसऱ्याला, असे डिस्प्लेच्या बाबतीत नेहमी होते. म्हणून पहिला प्रश्न हा की बिघाड मॉनिटरचा आहे की सीपीयूचा?

याची सोपी परीक्षा आहे. मॉनिटर चालू ठेवा आणि त्याची चित्राची केबल सीपीयूच्या मागून काढा. बहुतेक सपाट मॉनिटर अशा वेळी स्वतःहून "नो सिग्नल" किंवा "केबल तपासा" अशा अर्थाचा निरोप दाखवतात. निरोप स्वच्छ दिसला तर मॉनिटरची काच, आतला उजेड आणि वीजपुरवठा ठीक आहे. दोष केबलमध्ये किंवा सीपीयूमध्ये शोधायचा. निरोपच नाही, दिवाही नाही, तर आधी मॉनिटरची वीज बघा. पिन सॉकेटमध्ये नीट बसली आहे का, एक्स्टेंशन बोर्डाचे बटण चालू आहे का, तोच बोर्ड मोबाइलचा चार्जर चालवतो का, हे पाहावे. हसू नका. अशा तक्रारींत निव्वळ सुटलेल्या पिनचा वाटा मोठा असतो.

दिव्याचा रंगही बोलतो. बऱ्याच मॉनिटरांवर हिरवा किंवा निळा म्हणजे सिग्नल मिळतो आहे, नारिंगी म्हणजे मॉनिटर जागा आहे पण त्याला सीपीयूकडून काही येत नाही.

आमच्या मॉनिटरने केबल काढताच निरोप दाखवला. म्हणजे तो बरा होता. नवा मॉनिटर घेतला असता तर पैसे वाया गेले असते.

इथेच आणखी एक गोष्ट तपासावी. काही सीपीयूंच्या मागे चित्राची दोन तोंडे असतात. एक मदरबोर्डाचे, माऊस आणि कीबोर्डच्या शेजारी. दुसरे खाली, वेगळ्या बसवलेल्या ग्राफिक्स कार्डाचे. कार्ड बसवले की मदरबोर्डाचे तोंड बहुधा बंद होते. झाडलोट करताना केबल काढून पुन्हा लावताना ती चुकीच्या तोंडात गेली, तर कॉम्प्युटर ठणठणीत असूनही स्क्रीन काळीच राहते.

कान लावून ऐका

मशीन चालू झाल्यावर पहिल्या काही सेकंदांत स्वतःची तपासणी करते. काही चुकले आणि ते स्क्रीनवर सांगणे शक्य नसेल, तर ते आवाजाने सांगते. जुन्या मशीनच्या डब्यात त्यासाठी एक छोटा भोंगा असतो. एक छोटी बीप म्हणजे सारे ठीक. बीपचे अर्थ कंपनीगणिक बदलतात, तरी काही ठळक खुणा अशा. अवॉर्ड बनावटीच्या प्रणालीत लांब बीप पुन्हा पुन्हा येत राहिली तर रॅम, एक लांब आणि मागून दोन छोट्या आल्या तर डिस्प्ले कार्ड. एएमआय बनावटीत आठ छोट्या बीप म्हणजे डिस्प्ले कार्डाची मेमरी. मदरबोर्डाबरोबर आलेल्या पुस्तिकेत हा तक्ता असतो. काहीच आवाज नसेल तर भोंगा जोडलेला नसेल, किंवा वीजपुरवठा अथवा मदरबोर्ड याकडे बोट जाते.

बाहेर कौलांवर पाऊस कोसळत होता. दुकानातही गोंगाट असणार. मुलाने खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि डब्याला कान लावला. एक लांब बीप. थोडी शांतता. पुन्हा लांब बीप.

अब्बांनी मदरबोर्डाची पुस्तिका बिलासकट प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या खणात ठेवली होती. तक्त्यात त्या बीपपुढे एकच शब्द होता: मेमरी. म्हणजे रॅम.

खोडरबराची करामत

रॅम म्हणजे बोटभर रुंदीची हिरवी पट्टी. तिच्या खालच्या कडेला सोनेरी मुलाम्याचे दात असतात आणि ते मदरबोर्डावरच्या खाचेत बसतात. आमच्या कोकणातली हवा या दातांची शत्रू. चार महिने दमट, त्यात खाडीचा खारटपणा. मशीन रोज चालत असेल तर आतल्या उष्णतेने ओल टिकत नाही. वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या मशीनमध्ये मात्र दातांवर मळकट थर साचतो आणि वीज पलीकडे पोचत नाही. रॅमशिवाय मशीन चित्र तयार करण्यापर्यंत पोचतच नाही, म्हणून स्क्रीन काळी.

आम्ही जे केले ते क्रमाने सांगते.

१. सीपीयूची वीजेची केबल भिंतीतून पूर्ण काढली. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. केबल काढल्यावर चालू करायचे बटण दहा सेकंद दाबून धरले, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते.

२. बाजूचा पत्रा उघडला. आतल्या कशालाही हात लावण्यापूर्वी डब्याच्या उघड्या लोखंडाला हात लावला. आपल्या अंगावर साचलेली स्थिर वीज नाजूक भागांना मारू शकते. नायलॉनचे कपडे किंवा गालिचा यांपासून दूर बसावे.

३. धूळ कोरड्या, मऊ, नव्या ब्रशने काढली. ओल्या फडक्याने कधीही नाही.

४. रॅमच्या दोन्ही टोकांचे पांढरे चिमटे बाहेरच्या बाजूला दाबले, पट्टी वर आली. ती कडांना धरून सरळ उचलली. दातांना बोट लावले नाही.

५. शाळेतल्या साध्या पांढऱ्या खोडरबराने दात एकाच दिशेने, हलक्या हाताने पुसले. चकाकी आली. सुटलेला भुगा मशीनपासून दूर झटकला. मुलामा पातळ असतो, त्यामुळे जोराने घासू नये आणि हा उपाय दर महिन्याचा करू नये.

६. पट्टीच्या कडेची खाच आणि सॉकेटमधला उंचवटा जुळवून दोन्ही बाजूंना सारखा दाब दिला. चिमटे "टक्" असा आवाज करून आपोआप बंद झाले.

रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी. एकीवर चालले आणि दुसरीवर नाही, तर दोषी सापडली. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर तेही असेच काढून, पुसून पुन्हा बसवता येते.

आम्ही वीज लावली, मुलाने "बिस्मिल्लाह" म्हटले आणि बटण दाबले. एक छोटी बीप आली आणि स्क्रीनवर अक्षरे उमटली.

अक्षरे मात्र गुलाबी होती.

गुलाबी अक्षरे, जांभळी टेकडी

वर लिहिले होते की घड्याळाची बॅटरी गेली आहे, पुढे जाण्यासाठी एफ १ दाबा. ते दाबले. थोड्या वेळाने विंडोज एक्सपीचे ते सर्वांच्या ओळखीचे दृश्य आले. पण हिरवी टेकडी काळसर जांभळी दिसत होती. मुलाचा चेहरा पडला. "अम्मी, आता स्क्रीन गेली."

याचा उलगडा करण्यासाठी रंगांचे गणित कळले पाहिजे. मॉनिटर लाल, हिरवा आणि निळा या तीनच रंगांतून सगळे रंग तयार करतो. पंधरा पिनांची जी जुनी निळ्या तोंडाची केबल असते, तिला व्हीजीए म्हणतात. आयबीएम कंपनीने हा प्रकार १९८७ साली आणला. तिच्यात पहिली पिन लाल रंगाची, दुसरी हिरव्याची, तिसरी निळ्याची. एक तुटली की तो रंग चित्रातून गळतो. पांढऱ्या जागी पिवळे दिसले तर निळा गेला, आकाशी-हिरवट दिसले तर लाल गेला, गुलाबी-जांभळे दिसले तर हिरवा गेला.

दोष केबलचा की मॉनिटरचा, हे ठरवायला मॉनिटरवरचे मेनूचे बटण दाबावे. ती मेनूची चौकट मॉनिटर स्वतः काढतो, केबलमधून येत नाही. मेनूचे रंग बरोबर आणि बाकी चित्र गुलाबी, तर मॉनिटर निर्दोष. मेनूसुद्धा गुलाबी किंवा रेघांनी भरलेला, तर दोष मॉनिटरमध्येच. ही एक परीक्षा शंभर रुपयांची केबल आणि हजारोंचा मॉनिटर यांतला फरक सांगते.

आमचा मेनू स्वच्छ होता. केबल काढून पाहिली तर दुसरी पिन आडवी झाली होती. मग आठवले. सकाळी मॉनिटरची परीक्षा घेतल्यावर मीच ती अंधारात, मागे हात घालून, वाकडी खुपसली होती. दुकानदाराचा दोष शोधत होतो, निघाला माझाच.

मुलाने पेन-पेन्सिलीचे रिकामे धातूचे टोक त्या पिनवर चढवून ती हळूच सरळ केली. पिन दोनतीनदा वाकवली की तुटते, म्हणून एकदाच आणि सावकाश. जाता जाता, या केबलीत एखादी पिन मुळातच नसते, विशेषतः मधल्या ओळीतली नववी. ती पाहून घाबरू नये. केबल लावताना तोंडाची रुंद बाजू बघावी, सरळ दाबावी आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू हाताने आवळावेत.

टेकडी हिरवी झाली.

घड्याळाची बॅटरी म्हणजे सीआर २०३२ नावाची, नाण्याएवढी, ३ व्होल्टची. घड्याळवाल्याकडे मिळते. ती संपल्यावर मशीन तारीख आणि आपली जुळणी विसरते, आणि काही जुनी मशीन्स त्यामुळे सुरू होतानाच अडतात. काढताना कोणती बाजू वर आहे ते बघून ठेवावे.

इतर लक्षणे आणि त्यांचा अर्थ

आमच्या घरचा रोग रॅमचा निघाला. तुमच्या घरी दुसरा असू शकेल. नेहमी दिसणारी लक्षणे अशी.

*चित्र दोन सेकंद दिसते आणि विझते.* जुन्या सपाट मॉनिटरांत काचेमागे बारीक ट्यूब असतात आणि त्यांना इन्व्हर्टर नावाचा भाग वीज देतो. त्यांतले काही थकले की उजेड जातो, चित्र मात्र असतेच. खोली अंधारी करून टॉर्च तिरका मारावा. फिकट अक्षरे दिसली तर हाच दोष. तोपर्यंत कॉम्प्युटर दुसऱ्या मॉनिटरला लावून काम चालवता येते.

*मॉनिटर चालू व्हायला दिवसेंदिवस जास्त वेळ घेतो, लुकलुकतो, मग बंद पडतो.* बहुधा त्याच्या वीजपुरवठ्यातले कपॅसिटर फुगलेले असतात. २००० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या कित्येक मदरबोर्डांत आणि मॉनिटरांत सदोष कपॅसिटर बसवले गेले होते. ते छोट्या गोल डब्यांसारखे दिसतात. माथा सपाट असायला हवा. वर टेंगूळ आलेले किंवा तपकिरी द्रव गळलेला दिसला तर तो गेला. भाग स्वस्त असतो, बदलायला सोल्डरिंग येणारा माणूस लागतो. नवा तेवढ्याच क्षमतेचा आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा असावा.

*"आउट ऑफ रेंज" असे लिहून येते.* मॉनिटरला झेपणार नाही इतकी मोठी जुळणी कुणीतरी निवडली आहे. काहीही मोडलेले नाही. एक्सपी किंवा विंडोज ७ असेल तर मशीन सुरू होताना एफ ८ दाबत राहावे, येणाऱ्या यादीतून व्हीजीए किंवा कमी रेझोल्यूशनचा पर्याय निवडावा, मग डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन योग्य जुळणी ठेवावी. चौकोनी १७ इंची सपाट मॉनिटरला १२८० बाय १०२४ आणि ६० हर्ट्झ ही नेहमीची जुळणी. त्याहून कमी ठेवली तर अक्षरे पसरट आणि धूसर दिसतात, आणि आपण उगीच चष्म्याचा नंबर तपासायला जातो.

*चित्र एका बाजूला सरकलेले, अक्षरे थरथरतात.* व्हीजीए केबलवर चालणाऱ्या सपाट मॉनिटरला "ऑटो" नावाचे बटण असते. ते एकदा दाबावे.

*खोक्यासारख्या जुन्या मॉनिटरच्या कोपऱ्यात हिरवे-जांभळे डाग.* शेजारी स्पीकर असेल तर तो दूर करावा. त्यातल्या लोहचुंबकाने काचेमागची जाळी चुंबकित होते. मेनूत "डीगॉस" असेल तर तो एकदा वापरावा, फरक पडला नाही तर अर्ध्या तासाने पुन्हा. या मॉनिटरचे चित्र ६० हर्ट्झवर डोळ्यांना टोचत असेल तर सेटिंगमध्ये ७५ किंवा ८५ हर्ट्झ करून पाहावे.

*चित्र आधी ठीक, तासाभराने रंगीत ठिपके आणि चौकटी.* ग्राफिक्स कार्ड तापते आहे. त्याचा पंखा धुळीने अडला असेल.

*एकच उभी रेघ, कायमची.* हा काचेच्या आतल्या जोडांचा दोष. यावर खर्च करू नये. रेघ सोसवत असेल तर तसाच वापरावा, नाही तर जुना दुसरा मॉनिटर घ्यावा.

इथे हात लावायचा नाही

खोक्यासारखा जुना मॉनिटर घरी कधीही उघडू नये. त्याच्या आत वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि वीज काढल्यावरही काचेच्या नळीत तो साठून राहतो. सपाट मॉनिटरच्या इन्व्हर्टरमध्ये आणि सीपीयूच्या वीजपुरवठ्याच्या लोखंडी पेटीतही जीवघेणा दाब असतो. वर सांगितलेले घरचे काम फक्त सीपीयूचा पत्रा, रॅम, कार्ड, बॅटरी आणि केबल एवढ्यापुरते. त्यापलीकडे जाणकार माणूसच हवा. जळका वास किंवा धूर आला तर पुन्हा चालू करून बघू नये.

जाणकाराकडे जाताना लक्षणे कागदावर लिहून न्या. दिव्याचा रंग, बीप किती आणि कशा, मेनू स्वच्छ दिसतो की नाही, टॉर्चने काही दिसते का. डॉक्टरकडे "बरं वाटत नाही" एवढेच सांगणारा रोगी आणि ताप किती, कधीपासून हे सांगणारा रोगी, यांत जो फरक असतो तोच इथे. आणि स्पष्ट सांगा: हार्ड डिस्कला हात लावायचा नाही, काढलेला भाग परत हवा.

मशीन खरोखरच संपले तर भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकू नका. जुन्या मॉनिटरच्या काचेत शिसे असते, सपाट मॉनिटरच्या ट्यूबमध्ये थोडा पारा. हातोडीने ते फोडणाऱ्या पोराच्या फुप्फुसात काय जाते, याचा विचार करावा. इलेक्ट्रॉनिक कचऱ्यासाठी आपल्या देशात २०१२ पासून नियम लागू आहेत आणि अधिकृत संकलन केंद्रे असतात. नगरपालिकेत चौकशी करावी. देण्यापूर्वी हार्ड डिस्क काढून घ्यावी.

असर ते मगरिब

टेकडी हिरवी झाल्यावर मुलगा लगेच फाइली उघडायला निघाला होता. मी थांबवले. आधी प्रत, मग पाहणे. जुन्या हार्ड डिस्कचा भरवसा नसतो. अब्बांचा सगळा फोल्डर दोन पेन ड्राइव्हवर उतरवला, तिसरी प्रत कुवेतला पाठवली. मग खालांना बोलावले.

अब्बांनी प्रत्येक वर्षाची वेगळी फाइल केली होती. खालांची नोंद त्यांनी सांगितलेल्या वर्षात नव्हती, दिरांच्या वर्षातही नव्हती. ती त्यांच्या मधल्या वर्षात सापडली. तारीख, अनुक्रमांक, मेहरची रक्कम, दोन साक्षीदार आणि वधूचा वकील म्हणून खालांच्या वडिलांचे नाव. खाली अब्बांनी एक जादा ओळ टंकली होती, वहीत बहुधा तशीच असावी: "पाऊस लवकर आला, जेवण मशिदीच्या पडवीत."

खालांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांचे बोट काचेवर वडिलांच्या नावाखालून फिरत गेले. म्हणाल्या, "पाऊस आला होता. मी विसरलेच होते."

तारीख आणि क्रमांक मिळाल्यावर काझींच्या दफ्तरातली दुय्यम प्रत आठवडाभरात निघाली. निवृत्तिवेतनाचा अर्ज गेला आहे. कचेरीतला पुढचा प्रवास त्याच्या गतीने चालू आहे.

जमातीने आता नवी वही घातली आहे. माझा मुलगा आणि त्याचे दोन मित्र अब्बांच्या फाइलींवरून ती लिहून काढतात. सगळ्या नोंदी छापून त्याचीही एक बांधीव प्रत केली आहे. ती दफ्तरात न ठेवता उंचावरच्या एका घरी ठेवली आहे. अब्बांचा कॉम्प्युटर अजून माडीवर आहे. त्याला इंटरनेट जोडत नाही, कारण एक्सपीला कंपनीने २०१४ सालीच सुरक्षेची मदत बंद केली. पण आठवड्यातून एकदा, असरनंतर, आम्ही तो तासभर चालू ठेवतो. आतली ओल निघून जाते.

तुमच्याही घरात चादरीखाली एखादे मशीन असेल. त्यात कुणाचे तरी लग्नाचे फोटो, कुणाचा तरी आवाज, कुणाच्या तरी हिशेबाच्या वह्या असतील. ते फेकण्यापूर्वी एकदा खिडक्या बंद करून, पंखा बंद करून, त्याला कान लावून पाहा.